प्रधानाचे गीत आणि दुरुस्तीचा हक्क

साशंक : आदिवासी भाषेतला एखादा वृद्ध गायक वारला की त्याचे गाणे वेळीच ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही म्हणून आपण हळहळतो, आणि ठेवले असेल तर त्या भाषेच्या ऋणातून मोकळे झाल्यासारखे निश्चिंत होतो. या हळहळीच्या आणि या निश्चिंतीच्याही मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की गीत म्हणजे शब्द आणि चाल, आणि ही दोन्ही हाती लागली की गीत हाती लागले. माझा आक्षेप या समजुतीवर आहे. गोंडांचे प्रधान घ्या. आदिलाबाद, किनवट, राजुरा या पट्ट्यात कुळाच्या थोरल्या देवाची, पेर्सा पेनाची, पूजा असली म्हणजे त्या कुळाची घरे एकत्र जमतात, देवाचे चिन्ह असलेले भाल्याचे पाते आणि चवरी जपून ठेवलेल्या जागेवरून बाहेर निघतात, आणि प्रधान मांडीशी किकरी टेकवून, घोड्याच्या केसांचा गज तिच्या तारांवरून ओढीत, ते कूळ चार देवांचे, पाचांचे, सहांचे की सातांचे, ते कोणत्या वाटेने आले, त्याचे भाऊ कोण आणि सोयरे कोण, हे सारे क्रमाने गाऊन सांगतो. देवांची संख्या जुळली तर ती घरे परस्परांची भाऊबंद, आणि त्यांच्यात सोयरीक निषिद्ध. तेव्हा हे गीत म्हणजे नुसते काव्य नव्हे. ती वंशावळ आहे, विवाहाचा कायदा आहे, आणि देवापुढे दरवेळी नव्याने वाचून दाखवलेली सनद आहे. चुकीचे कूळ सांगून मुकाट्याने उठून जाणे प्रधानाला शक्य नसते, कारण समोर बसलेला यजमान स्वतःचे कूळ जाणून असतो. आता या प्रधानाला तुम्ही एखाद्या कचेरीत आणून यंत्रापुढे बसवलेत, तर तो तेच शब्द म्हणेल. पण समोर कूळ नसेल, देव नसेल, आणि चूक काढणारा कोणी नसेल. तुमच्या हाती येईल ती सनदेची नक्कल. शिक्का मात्र तिच्यावर नसेल.

संग्राहक : नक्कल आणि अस्सल यांतला भेद मला मान्य आहे, पण अस्सल नाहीसे झाल्यावर नक्कल हीच पुरावा ठरते, हे कोणताही दप्तरदार तुम्हांला सांगेल. तुमच्याच गोंडांचे उदाहरण पाहू. नागपूरला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून लिंगोचे गीत उतरवून घेतले. गोंड गुहेत कोंडले गेले, लिंगोने ज्यांना आपले म्हटले त्यांनीच त्याला मारले, तो पुन्हा जिवंत झाला, त्याने गोंडांना सोडवले आणि त्यांची कुळे लावून दिली, अशी ती दीर्घ कथा. हिस्लॉप १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून वारले; त्यांचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या हाती आले आणि त्यांनी ते १८६६ साली छापून काढले. गोंडी शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ अशी ती संहिता आहे. त्या काळी गोंडी ही पाठशाळेची भाषा नव्हती, दरबाराची उरली नव्हती, आणि तिच्या बोलणाऱ्याला रानटी म्हणण्यात सुशिक्षितांना संकोच वाटत नव्हता; अशा वेळी या लोकांजवळ उत्पत्तीची, मृत्यूची आणि पुनर्जन्माची एवढी विस्तृत कथा आहे, हे त्या एका कागदाने जगापुढे सिद्ध केले. हिस्लॉप यांनी तुमच्यासारखा संकोच बाळगला असता, तर आज या गीताच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या रूपाबद्दल आपल्याजवळ केवळ अनुमाने असती.

साशंक : तुम्ही दिलेला दाखलाच मी माझ्या बाजूने वापरतो. ज्या प्रधानाने ते गीत गायले त्याचे नाव त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही. तेथे हिस्लॉप आहेत आणि टेंपल आहेत. पुढे पाचच वर्षांनी, १८७१ साली, कॅप्टन फोर्सिथ यांनी मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ मुलखावर जो ग्रंथ लिहिला, त्यात याच गीताचा संक्षेप करून त्यांनी तो इंग्रजी पद्यात घातला, आणि त्यासाठी वृत्त निवडले ते लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चे. अमेरिकेतल्या रेड इंडियनांवर एका गोऱ्या कवीने रचलेल्या काव्याची चाल सातपुड्यातल्या लिंगोला लावली गेली, आणि इंग्रज वाचकाला ते अगदी स्वाभाविक वाटले असणार, कारण त्याच्या लेखी दोघेही रानातलेच. आणखी एक गोष्ट. त्या गीतात महादेव आणि पार्वती आहेत, आणि गोंडांना कोंडणारा महादेवच आहे. हे मूळचे, की त्या प्रधानाच्या परंपरेत शेजारच्या पुराणिकांकडून आलेले, की विचारणारा साहेब आणि त्याचे मदतनीस यांना समजावे म्हणून त्या दिवशी घातलेले? गीत पूजेच्या जागी ऐकले असते, तर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच याचे उत्तर मिळाले असते. कागदावर ते कायमचे अनुत्तरित राहिले, आणि एका प्रधानाने एका प्रसंगी सांगितलेले रूप ‘गोंडांचे लिंगोगीत’ म्हणून रूढ झाले.

संग्राहक : अनुत्तरित राहिले असे म्हणू नका, उत्तर गोंडांनीच दिले, आणि ते छापील कागद हाती घेऊन दिले. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करून उरलेले आयुष्य गोंडी भाषा आणि गोंडी पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांच्या अभ्यासात घालवणारे मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगोची मांडणी नव्याने केली, महादेवाला पुराणांतून काढून शंभूशेक म्हणून गोंडी परंपरेत बसवले, आणि लिंगोला धर्मसंस्थापकाचे स्थान दिले. त्यांचे प्रत्येक प्रतिपादन विद्वानांना पटेल असे नाही. परंतु गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाच्या गुहेत माघी पौर्णिमेला निरनिराळ्या राज्यांतून जो गोंड समाज लोटतो, त्याच्या मनात आज जो लिंगो आहे तो पुष्कळ अंशी या लिहिणाऱ्या गोंडांनी घडवलेला आहे. परक्याने चुकीचे लिहिले तर स्वकीयाने ते खोडून लिहावे; पण खोडण्यासाठीसुद्धा आधी काही लिहिलेले असावे लागते.

साशंक : येथे आपण मूळ मुद्द्याच्या जवळ आलो. लिहावे की लिहू नये, हा वाद मी सोडून देतो. खरा प्रश्न दुरुस्तीच्या हक्काचा आहे. पेर्सा पेनापुढे बसलेल्या निरक्षर म्हाताऱ्याला तो हक्क होता, आणि तो बजावायला त्याला फक्त तोंड उघडावे लागत होते. पुस्तकाची दुरुस्ती करायला पुस्तक लिहावे लागते, ते छापावे लागते, आणि पहिल्या पुस्तकाइतकी त्याला प्रतिष्ठा मिळवून द्यावी लागते. तो हक्क कुळाकडून निघून काही थोड्या शिकलेल्यांकडे गेला. ते गोंड असले तरी थोडेच, आणि बहुधा नागपुरात राहणारे.

संग्राहक : तुम्ही त्या पूजेच्या मांडवात समता पाहता, मला ती तशी दिसत नाही. प्रधान हा यजमानाच्या पंक्तीला बसत नसे. गोंड त्याच्या हातचे खात नसे. कुळाची सारी पुण्याई त्याच्या कंठात, पण त्याचा दर्जा आश्रिताचा. यजमान मेला की त्याची वस्त्रे आणि दागिने यांवर प्रधानाचा हक्क, आणि त्या हक्काकडे जग भिक्षा म्हणूनच पाही. शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रधानांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात या दात्या-याचकाच्या नात्यातला जिव्हाळाही आहे आणि त्यातली विषमताही आहे. आता प्रधानाचा मुलगा शिकला, शिक्षक झाला, तलाठी झाला, आणि वडिलांची किकरी खांद्याला लावून दारोदार जाणार नाही म्हणाला, तर परंपरा बुडाली म्हणून आपण त्याला दोष द्यायचा काय? मावळातल्या आणि मुळशीतल्या बायांनी पहाटे जात्यावर बसून ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गोळा होत असतानाच गावात पिठाची गिरणी आली. ओवी टिकावी म्हणून गिरणी बंद करा, असे त्या बायांना सांगण्याचे धैर्य कोणाला आहे? ज्या कष्टावर किंवा ज्या उणेपणावर एखादे गीत उभे असते, तो कष्ट आणि तो उणेपणा माणसे आनंदाने टाकतात, आणि टाकलाच पाहिजे. मग गीताला दुसरा आधार द्यायचा तर तो लेखनाखेरीज कोणता?

आणि यात एक गोष्ट अशी आहे की जिचा आपण मराठी लोकांनी विशेष विचार करावा. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून जे पाहिले, त्यात तेथल्या प्रधानांची घरातली भाषा मराठी होती. गोंडी देवांची, गोंडी कुळांची, गोंडी वीरांची सारी गाथा गोंडीत गाणारा माणूस चुलीपाशी आपल्या मुलांशी मराठीत बोलत होता.

साशंक : ही माहिती माझ्या मनात घर करून राहील, आणि तिच्यावरून मी माझ्या बाजूचे अनुमान काढतो. भाषा टिकते ती आईच्या मांडीवर, असे आपण सर्व मानतो. येथे तर गोंडीतले सर्वांत अवघड, सर्वांत प्राचीन शब्दभांडार अशा माणसांनी राखले की ज्यांच्या आईच्या मांडीवर ती भाषा नव्हती. त्यांनी ते राखले, कारण ते ऐकण्याची गोंडाला गरज होती आणि ऐकवण्याबद्दल त्याला काही देणे भाग होते. ममतेने जेवढे टिकले नसते तेवढे या बांधिलकीने टिकले. तिच्यात विषमता होती, हे मी नाकारीत नाही, आणि प्रधानाच्या मुलाने किकरी ठेवून दिली तर मी त्याला नमस्कारच करीन. परंतु तुमचे पुस्तक कोणालाही बांधून घेत नाही. ते विकत घेणाऱ्यावर ऐकण्याचे ऋण नाही, आणि न वाचणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. विषमता काढून बांधिलकी तेवढी ठेवायची, असा एखादा व्यवहार तुम्ही दाखवलात तर मी माझे सारे आक्षेप मागे घेईन.

(उभयतांचे बोलणे मध्येच तोडून लेखकाला एक गोष्ट स्वतःच्या नावावर नोंदवावीशी वाटते. आपण मराठी माणसांनी भाषेच्या तत्त्वावर राज्य मागितले, त्यासाठी माणसे धारातीर्थी पडली, आणि १९६० साली ते मिळवले. त्याच तत्त्वाच्या अंमलबजावणीत गोंडी बोलणारा मुलूख मात्र अनेक राज्यांत वाटला गेला. १९५६ साली हैदराबाद राज्याच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले, तेव्हा किनवट आणि राजुरा इकडे आले आणि बाकीचा भाग आंध्रात गेला. भाऊ एका राज्याचा आणि सोयरा दुसऱ्या राज्याचा झाला. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लक्ष आहेत; तरी ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. आपल्या भाषेच्या हक्काबद्दल एवढे जागरूक असलेल्यांना या वाटणीचे दुःख मुळीच वाटू नये, हे मला आजही समजत नाही.)

संग्राहक : व्यवहार दाखवा म्हणता, तर मी तुम्हांला व्यवहाराच्याच प्रांतात नेतो. गोंडाची जमीन कशी गेली? त्याच्या आजाने रान तोडून शेत केले होते, त्या शेताच्या शिवा गावाला तोंडपाठ होत्या. पण निजामाच्या महसूल खात्याच्या दप्तरात त्याच्या नावाचा पट्टा नव्हता. जंगल खात्याने राखीव रानाच्या रेषा ओढल्या, बाहेरून आलेल्या सावकाराने आणि शेतकऱ्याने कागद करून घेतले, आणि सर्वांच्या देखत कसलेली जमीन कोणाच्या लेखी त्याची उरली नाही. त्या अन्यायातून कुमराम भीमू उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटाला गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ यांना या लोकांची स्थिती पाहण्यासाठी धाडण्यात आले. त्यांनी मारलवाईला १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी अध्यापनवर्ग काढवला आणि गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके तयार करवली. आणि ती छापली कोणत्या लिपीत म्हणाल तर आपल्या देवनागरीत. त्या वर्गातून निघालेल्या तरुणांना अर्ज लिहिता येऊ लागला, पट्ट्यावर काय लिहिले आहे ते वाचता येऊ लागले. मौखिकतेचे गुणगान करणाऱ्याने हे विसरू नये की, ज्या राज्यात कागदाचा अंमल आहे त्या राज्यात केवळ मौखिक राहणे म्हणजे निःशस्त्र राहणे होय.

आणि आजचे पाहायचे तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांत दाव्याचा पुरावा म्हणून दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे निवेदन, लेखी उतरवून घेतलेले, ग्राह्य धरले आहे. म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द सरकारी पुराव्यात बसला. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्याला तुम्ही मघाशी सनद म्हणालात, तिच्यावर आता सरकारचा शिक्का उमटू शकतो.

साशंक : नियम चांगला आहे; त्याचे मोल मी कमी करीत नाही. जमिनीच्या बाबतीत तुमचा मुद्दा मी निःसंशय मान्य करतो, आणि मघा लेखनाच्या विरुद्ध जे बोललो त्यातला तेवढा भाग परत घेतो. पण त्याच नियमातले ‘लेखी उतरवून घेतलेले’ हे शब्द पुन्हा पाहा. म्हातारा बोलतो, कारकून लिहितो; ओढा, टेकडी, देवराई, मोहाचे झाड अशी शीव तो चालत चालत सांगतो, आणि कागदावर तिची चतुःसीमा होते. उद्या म्हातारा आणि कागद यांच्यात फरक पडला तर कोण जिंकेल? म्हाताऱ्याला आपण साक्षीदार केले. दुरुस्तीचा हक्क पुन्हा दप्तराकडेच राहिला.

आणि मारलवाईच्या पुस्तकांचे पुढे काय झाले? सत्ता बदलली, जिल्हा फाटला, तेलंगणात शाळा तेलुगूच्या झाल्या, इकडे मराठीच्या, आणि ती पुस्तके वर्गांतून निघून गेली. लिपीचेच पाहा. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक लिपी रचली. आदिलाबादच्या गुंजाळा गावी जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांची लिपी निराळी. संगणकाच्या युनिकोड संहितेत २०१७ साली एक गेली आणि २०१८ साली दुसरी. शिवाय कोणी देवनागरीत लिहितो, कोणी तेलुगूत. संताळीला रघुनाथ मुर्मूंची ओल चिकी होती, मागे चळवळ होती, आणि ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात गेली. ते यश मला ठाऊक आहे. पण गोंडीसाठी तेच मागायचे, तर आधी एक लिपी, एक व्याकरण, एक शब्दकोश ठरवावा लागेल. बस्तरची गोंडी आणि यवतमाळची गोंडी यांतली एक प्रमाण ठरेल आणि दुसरी अशुद्ध. प्रमाण भाषेने आपल्या बोलींचे काय केले हे मराठी माणसाला सांगायला नको.

संग्राहक : अशुद्ध ठरण्याची भीती खरी आहे, पण ती घालवण्याची खटपट गोंडांनी आपल्या हाती घेतली आहे, हेही खरे आहे. धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्याचे कर्तव्य घटनेच्या ३५० अ या कलमाने राज्यावर १९५६ पासून घातलेले आहे. ते सरकारने केले नाही म्हणून गावाने केले, आणि वर शासनमान्यतेचा प्रश्न त्या गावालाच विचारला गेला. तुम्ही मागितलेली बांधिलकी मला या शाळेत दिसते. येथे कोणी आश्रित नाही आणि कोणी यजमान नाही. काय शिकवायचे ते ग्रामसभा ठरवते, आणि चुकले तर त्याच सभेत म्हातारा उभा राहून बोलू शकतो. पुस्तक आणि पूजेचा मांडव यांच्यामधली जी जागा तुम्ही शोधत होता, ती ही असू शकेल.

साशंक : असू शकेल, या शब्दांइतकाच माझाही विश्वास आहे, अधिक नाही. कारण त्या शाळेला उद्या मान्यता मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि मान्यता मिळाली की अभ्यासक्रम येईल, अभ्यासक्रमामागून परीक्षा येईल. मग लिंगोच्या धड्याखाली प्रश्न असेल: गोंडांना गुहेत कोणी कोंडले? हिस्लॉपच्या प्रधानाचे उत्तर महादेव; कंगाली वाचलेल्या मुलाचे उत्तर निराळे; आदिलाबादकडच्या मुलाने आजोबांकडून ऐकलेले आणखी निराळे. तपासनीस कोणत्या उत्तराला गुण देईल? गीताला एक रूप नव्हते म्हणून ते दीर्घकाळ चालले. परीक्षेला एकच रूप लागते.

संग्राहक : धड्यात तिन्ही रूपे छापावीत, आणि मुलाने आपल्या घरी चालणारे लिहावे, असा नियम करता येईल. अवघड आहे, अशक्य नाही.

साशंक : आणि ज्याच्या घरी प्रधान येणेच थांबले आहे, त्या मुलाने कोणते लिहावे?

संग्राहक : त्याने पुस्तकातले लिहावे. खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच मला पुस्तक हवे आहे. ज्याच्या घरी गीत आहे त्याला माझी गरज नाही. परंतु त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघताना कोणाला विचारून काय बदलायचे, आणि विचारण्याचे बंधन कोणावर, हे मला आज सांगता येत नाही. ते ठरेपर्यंत पहिली आवृत्ती अडवून धरायलाही माझे मन तयार नाही, कारण गाणारे थांबणार नाहीत. ते जात आहेत.

साशंक : अडवू नका. फक्त पहिल्या पानावर, हिस्लॉपच्या ग्रंथात झाले नाही ते करा. गाणाऱ्या प्रधानाचे नाव, त्याचे गाव, आणि ज्या घरी त्याने ते गायले त्या यजमानाचे कूळ तेथे छापा, म्हणजे चूक दाखवायची तर कोणाच्या दारी जायचे हे वाचणाऱ्याला निदान ठाऊक होईल.

संग्राहक : छापीन. पण तो प्रधान वारल्यावर त्याचा शिकलेला मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला की माझ्या वडिलांचे नाव त्या यजमानाच्या नावाखाली आश्रित म्हणून तुमच्या पुस्तकात राहू नये, तर गीताच्या प्रामाण्यासाठी ते नाव ठेवायचे, की त्याच्या सन्मानासाठी काढायचे?